चौथ्या बोअरसाठी दागिने द्यायचे का?

पुरंदर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. पत्र चार पानी आहे, त्यातलं महत्त्वाचं त्यांच्याच शब्दांत देते.

"आमची सहा एकर जमीन. चुलत दिरांच्यात आणि आमच्यात एक सामायिक विहीर, वीस फूट रुंद, पंचेचाळीस फूट खोल. एक दिवस आमची पाळी, एक दिवस त्यांची. एक एकर अंजीर आहे, बाकी वाटाणा, ज्वारी, थोडा कांदा. दोन वर्षं पाऊस बरा झाला म्हणून मालकांनी दीड एकर ऊस लावला. जानेवारीत तुटला, आता त्याच्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला खोडवा उभा आहे. विहिरीत सकाळी सहा फूट पाणी असतं, दीड तासात मोटर तळाला जाते. आजपर्यंत तीन बोअर घेतले. दोन कोरडे गेले, तिसरा होळीपर्यंत चालतो. शेजारच्या वस्तीवर सहाशे फुटांवर तीन इंची पाणी लागलं, तेव्हापासून मालकांना झोप नाही. पाणाड्याने जागा दाखवलीय, गाडीवाल्याला विसारही दिलाय. माझ्या पाटल्या आणि गंठण ठेवून पैसे उचलू म्हणतात. सासरे म्हणतात, बोअर नको, पण त्यांचं कोण ऐकतं? दागिने देऊ का? नाही म्हटलं आणि बाग जळाली तर जन्मभर बोल माझ्यावर येईल."

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. दागिने देऊ नका. बोअर घेऊ नका. पण घरात नुसतं 'नाही' म्हणूनही बसू नका, कारण तुमच्या यजमानांची झोप उडालीय ती उगाच नाही. डोळ्यांदेखत पीक वाळताना बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यांना म्हणा, 'पंधरा दिवस थांबा, तोवर आपण आपलं पाणी मोजू.' एवढं ते ऐकतील.

मोजायला काही विकत आणावं लागत नाही. सुंभाच्या दोरीला एक दगड बांधा आणि फुटाफुटावर गाठी मारा. सकाळी मोटर चालू करण्याआधी ती विहिरीत सोडा आणि किती गाठी भिजल्या ते वहीत लिहा. मोटर बंद केल्यावर पुन्हा सोडा, संध्याकाळी पुन्हा एकदा. गोल विहिरीचा हिशेब सोपा आहे. रुंदीच्या फुटांना त्याच आकड्याने गुणायचं आणि आलेल्या आकड्याला बावीसने. एक फूट उंचीचं पाणी तेवढे लिटर भरतं. तुमची विहीर वीस फुटी. वीस गुणिले वीस चारशे, गुणिले बावीस, म्हणजे ८,८०० लिटर. सहा फूट पाणी म्हणजे ५२,८०० लिटर. दिवसाआड तुमची पाळी, म्हणून तुमच्या वाट्याला रोजचे सरासरी २६,४०० लिटर आले.

आता खर्चाची बाजू. पाटाने दिलेलं एक पाणी म्हणजे शेतात साधारण आठ सेंटिमीटर पाण्याचा थर. एकराला ते सव्वातीन लाख लिटरच्या घरात जातं, दीड एकर खोडव्याला जवळपास ४ लाख ८० हजार. उन्हाळ्यात हे दर दहा दिवसांनी द्यायचं, म्हणजे रोजचे ४८,००० लिटर. तुमच्या वाट्याला आहेत २६,४००. ताई, ऊस तुमचा सगळा वाटा पिऊन वर जवळजवळ तेवढंच मागतोय. म्हणून विहीर आटल्यासारखी वाटते.

आणि अंजीर? सोळा बाय सोळा-सतरा फुटांवर लावलेली एकरी १६० च्या आसपास झाडं असतील. ठिबकने झाडाला दिवसाला ४० लिटर धरले, तरी सगळ्या बागेला ६,४०० लिटर पुरतात. म्हणजे उसाला दिलेल्या एका पाण्यात तुमची बाग ७५ दिवस जगते. आज एप्रिलचा पहिला आठवडा आहे. पंचाहत्तर दिवस मोजा, जून अर्धा सरलेला असेल.

हा आकडा मी तीनदा तपासला, कारण तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर त्यात आहे. तुम्हाला बाग जळण्याची भीती वाटते. पण बागेपुरतं पाणी विहिरीत आजही आहे. गुरांचं, घरचं आणि परसातल्या भाजीचं धरूनही आहे. मे महिन्यात झरे मंदावतील, सहा फुटांचं पाणी तीनवर येईल, असं धरलं तरी बाग वाचते. वाचत नाही तो खोडवा.

तेव्हा खोडवा सोडा. हे लिहिताना हात अडखळतो, कारण उसाशिवाय हमखास पैसा देणारं पीक आपल्या भागात दुसरं नाही हे मलाही कळतं. कांदा कधी रडवेल सांगता येत नाही. उसाचं वजन होतं आणि आज ना उद्या कारखान्याचं बिल येतं. तुमचे यजमान हट्टी आहेत म्हणून ऊस लावला असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या सहा एकरांवर, पुरंदरच्या पूर्वेकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं धरलं, तर वर्षाला सव्वा कोटी लिटरच्या आतबाहेर पाणी पडतं. एक एकर सुरू उसाला, म्हणजे वर्षभराच्या उसाला, पाटपाण्याने कोटभर लिटर लागतं. सहा एकरांवर पडलेला जवळजवळ सगळा पाऊस एक एकर उसाला द्यायचा, म्हणजे बाकीच्या पाच एकरांनी आणि माणसांनी काय प्यायचं? हिरवा आहे तोवर खोडवा चाऱ्याला विकून टाका. उन्हाळ्यात वैरणीला गिऱ्हाईक असतं. पैसे थोडे मिळतील, पण कर्जाशिवाय मिळतील.

पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मात्र विकू नका आणि पेटवू तर अजिबात नका. ते अंजिराच्या आळ्यात चार बोटं जाडीने पसरा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी लागते. पाचटाखाली हात घालून बघा, दुपारी दोन वाजतासुद्धा माती गार लागते.

ठिबकचं तुम्ही लिहिलं नाही, पण बागेत असेल असं धरते. असेल तर एक गोष्ट बघा. बहुतेक बागांत ड्रिपर झाड लहान असताना लावले तसेच खोडाशी राहिलेले असतात. मोठ्या झाडाची पाणी पिणारी मुळं खोडाशी नसतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते त्या कडेला असतात. नळी तिथे सरकवा. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं सोडून गाळ वाहू द्या, फिल्टरची जाळी धुवा. मागे आमच्या घरी बसवून दिलेल्या संचात फिल्टरची जाळीच नव्हती, नुसतं टोपण होतं. दोन वर्षांत निम्मे ड्रिपर मुके झाले आणि आम्ही ठिबकला नावं ठेवत बसलो. विकत घेताना टोपण उघडून आत बघायचं असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आणि वाफसा बघून पाणी द्या. हा शब्द तुमच्या सासऱ्यांच्या तोंडी रोज असेल. वीतभर खोल उकरून मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू वळला आणि तळहात ओला झाला नाही, तर आज पाणी नको. लाडू फुटला तर द्या. रात्रीची लाईट येते म्हणून रात्रभर मोटर चालू ठेवायची आणि सकाळी वाफ्यात तळं बघायचं, याला पाणी देणं म्हणत नाहीत. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. चिखलात बसलेलं झाड तहानलेलंच असतं.

आता बोअरकडे येते. तुमच्या विहिरीच्या कठड्यावरून आत नीट बघा. वर माती, खाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. झरे कुठून येतात? मुरमातून आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यातून. आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. वाळूच्या प्रदेशात पाणी जमिनीत सगळीकडे भरलेलं असतं, तसं इथे नसतं. आपल्याकडे ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत असतं. पडलेल्या पावसातलं साधारण दहा टक्के खाली मुरतं, कुठे थोडं जास्त, कुठे कमी. सहाशे फुटांवर भेग सापडली तर पाणी जोरात येतं खरं, पण त्या भेगेत साठा किती, ती कुठून भरते, हे तीन इंची धारेकडे बघून कळत नाही. पहिल्या वर्षीची धार बघून माणूस फसतो. पाणाड्याची निष्ठा मी नाकारत नाही, पण साठा किती ते त्याच्या हातातल्या नारळालाही सांगता येत नाही.

आमच्या घरची गोष्ट सांगते. शिरूरकडे आमचं रान. माझ्या लहानपणी वडिलांनी अडीचशे फुटांचं बोअर घेतलं. पाणी लागलं त्या दिवशी पेढे वाटले. दोन उन्हाळे मळा हिरवागार होता. तिसऱ्या उन्हाळ्यात मी बोअरच्या पाइपाला कान लावला, तर आत पाणी टपटपत पडताना ऐकू आलं. मला वाटलं, झरा वाढला. वडील गप्प बसले. केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवलेला पाइप, वरच्या वीस फुटांनाच होतं. त्याच्या खाली बोअरने ज्या ज्या सांध्याला छेद दिला, तिथलं पाणी भोकातून खाली उतरत होतं. आमच्या विहिरीचे झरे होते ते, आणि बांधाला बांध लागून असलेल्या काकूंच्या विहिरीचेही. त्या वर्षी काकूंची विहीर फाल्गुनातच कोरडी पडली. पुढे आमचं बोअरही गेलं. काकू हंडा घेऊन आमच्या दारावरून जायच्या, पण आत यायच्या नाहीत. आम्ही त्यांचं पाणी चोरलं असं त्या कधी बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते अजून सलतं.

तुमचं बोअर लागलं, तर पहिला फटका तुमच्याच सामायिक विहिरीला बसेल, म्हणजे चुलत दिरांना. लागलं नाही, तर पाटल्या गेल्या. तिसरा रस्ता मला दिसत नाही.

कायद्याचंही थोडं सांगते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' धरलंय, आणि बोअर त्यातच येतं. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तुमचे यजमान त्याच्या तिप्पट खाली जायला निघालेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, जिल्ह्याचं कार्यालयही आहे. तिथे गट नंबर घेऊन जा, आपल्या गावच्या खडकात काय आहे ते विचारा. गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर जवळ असेल तर ग्रामपंचायतीतही आधी विचारा.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर शेततळ्याचाही उल्लेख आहे. कागद घालून तळं करू, बोअरने भरून ठेवू, असं कुणीतरी सुचवलंय. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारं शेततळं चांगलंच. जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात मांडून ठेवायचं तळं मला पटत नाही. तीस मीटर बाय तीस मीटरचं तळं काठोकाठ भरलेलं असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं, तर रोज ७,२०० लिटर हवेत जातं. तुमच्या अख्ख्या अंजिराच्या बागेला लागतं त्यापेक्षा जास्त. जमिनीच्या पोटात ते पाणी सावलीत होतं.

उपसा योजनेचं पाणी आमच्या शिवारात येईल का, असंही विचारलंय. आलं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर पीक लावू नका, कारण ते कधी सुटेल हे तुमच्या हातात नाही. पुरंदर उपशाचं पाणी मुळा-मुठेतून उचललेलं असतं, आणि त्या नदीत आम्हा पुण्याच्या लोकांचं सांडपाणी मिसळतं. कच्च्या खायच्या भाजीला ते देऊ नका. विहिरीत सोडून साठवण्याचा मोह तर मुळीच नको, ती तुमची प्यायची विहीर आहे. शहराने आपली घाण नीट साफ करून मगच खाली सोडावी, हे मी या सदरात आधीही लिहिलंय आणि लिहीत राहीन.

आता सगळ्यात अवघड काम. चुलत दिरांशी बोलणं. पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही फारसं काही लिहिलं नाही, त्यावरूनच कळतं की बोलणं कमी असेल. पण विहीर एक आहे. तुम्ही खोडवा सोडला आणि त्यांनी तिकडे नवा ऊस लावला, तर तुमची वही काय कामाची? म्हणून दोरीच्या गाठी मोजायला त्यांनाही बोलवा, निदान त्यांच्या थोरल्या मुलाला. पोरांना असल्या कामाची हौस असते. पंधरा दिवसांचे आकडे दोन्ही घरांनी मिळून पाहिले की पाळीवरून होणारी भांडणं निम्म्याने कमी होतात, कारण मग मोटर किती तास चालली यापेक्षा पाणी किती लिटर निघालं यावर बोलणं होतं. दिवसाआड पाळीपेक्षा रोज थोडं थोडं दोघांनी घेणं ठिबकला जास्त सोयीचं पडेल, तेही तेव्हाच ठरवा.

असं ठरवणं तुमच्या तालुक्याला नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तुमच्याच पुरंदरमधल्या नायगावात काम उभं केलं, त्यातून पाणी पंचायत सुरू झाली. नियम कडक होते. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसाच्या मापाने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही त्याचा वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. तुमच्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसाने हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार. ते 'बोअर नको' म्हणतात, त्यामागे काय आहे ते एकदा त्यांच्यापाशी बसून विचारा. बहात्तर साली विहिरीत किती पाणी होतं, बोअर नव्हते तेव्हा झरे कुठल्या महिन्यापर्यंत चालायचे, हेही विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पावसाच्या आधी दोन कामं उरकून घ्या. शेतात उताराला आडव्या सऱ्या काढा किंवा बंदिस्त वाफे पाडा, म्हणजे पहिला वळीव बांधावरून पळणार नाही. दुसरं, ओढ्याचं पाणी विहिरीशेजारून वाहत असेल तर विहिरीपासून थोडं लांब दोन मीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. त्याच्या तळातून पाइप विहिरीत सोडा. गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडलं तर गाळाने झरे बुजतात, म्हणून हा खड्डा हवाच. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी जाऊ द्या. गोठ्याचं किंवा फवारणी झालेल्या रानाचं पाणी तिकडे वळवू नका. बंद पडलेली दोन बोअरंही अशाच खड्ड्यातून भरता येतात, मात्र त्यासाठी भूजल विभागाच्या माणसाला जागा दाखवा.

उसाच्या दीड एकराचं पुढे काय, तर खरिपात वाटाणा करा, पुरंदरच्या वाटाण्याला पुण्याच्या बाजारात मागणी आहे आणि तो बव्हंशी पावसावर येतो. त्यामागे रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. विहिरीने साथ दिली तर एक-दोन पाणी, नाहीतर ओलीवर. बांधाला आणि हलक्या रानात सीताफळ लावा. ते तुमच्या मातीतलंच झाड आहे. उसाइतके पैसे पहिल्या वर्षी येणार नाहीत, हे यजमानांपासून लपवू नका. पण त्यांच्या समोर दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडा. एकीकडे बोअरचं कर्ज, व्याज, मोटर, केबल आणि दर वर्षी वाढत जाणारी खोली, दुसरीकडे हे सगळं.

राहता राहिला विसार. गाडी वीस तारखेला येणार आहे असं तुम्ही लिहिलंय. उद्याच यजमानांना सांगून गाडीवाल्याला फोन करायला लावा. विसार परत देतो म्हणाला तर उत्तम, नाही म्हणाला तर बुडू दे. तीन बोअरांत गेलेल्या पैशांपुढे तो फार नाही. आणि पाटल्या घाला हातात. पाडवा झाला, सणाचे दिवस आहेत.